चपला हातात घेऊन ओलांडायचा पूल

मी त्या दिवशी पुलाखाली उतरलो नव्हतो. हे वाक्य मी पंचवीस वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, बांधकाम खात्यातल्या कुणाला नाही, आणि ज्या मावशीचा हात त्यापायी गेला तिलाही नाही. तपासणीच्या वहीत मात्र माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे, ‘कमान खालून पाहिली, दगड वाजवून पाहिले, ठीक आहे.’ वही कन्नडमध्ये होती, म्हणून वाक्यही कन्नडमध्ये आहे. कन्नड मी शाळेपासून शिकलो. खोटं लिहायला काही अडचण आली नाही.

पूल आमच्या गावचा. बेळगाव आणि निपाणीच्या मधल्या पट्ट्यात, हायवे सोडून बरंच आत गेलं की लागतो. काळ्या दगडाची एकच कमान, चुन्यात बांधलेली, वर जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढे कठडे. खालून पूर्वी लहान रेल्वेगाडी जायची. पुढं लाईन रुंद झाली तेव्हा आमच्याकडचं वळण काढून टाकून ती पलीकडून सरळ नेली. रूळ उचलून नेले. खडी राहिली, घळ राहिली, आणि कमानीच्या पोटाला वाफेच्या इंजिनांनी धरवलेली काजळी राहिली. ती इतकी जाड, की बोट ओढलं तर रेघ उठायची.

गाडी बंद झाल्यावर ती घळ बायकांनी घेतली. आमच्याकडं घरोघरी विड्या वळतात. निपाणीहून पानं आणि तंबाखू यायचा, आणि सकाळची भाकरी झाली की बायका सूप काखेत मारून कमानीखाली जाऊन बसायच्या. तिथं ऊन येत नाही, त्यामुळं पान वाळत नाही. वर कितीही वारं सुटू दे, सुपातला तंबाखू उडत नाही. दहा-बारा सुपं गोल मांडलेली असायची आणि दिवसभर हसणं, भांडणं, कुणाच्या सुनेचं, कुणाच्या म्हशीचं. वरून जाणाऱ्याला ते सगळं ऐकू यायचं, कारण कमान आवाज वर फेकते. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझ्या मावशीचा.

आई लवकर गेली. मावशीला मूल नव्हतं. तिनं मला आपल्या घरी नेलं आणि विड्या वळून शिकवलं. बेळगावात मी डिप्लोमा केला तो तिच्या दोन हातांवर. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बेळगावात मात्र मी कुणाला कळू दिलं नव्हतं. होस्टेलला असताना ती एकदा न सांगता आली. डोक्यावर गाठोडं, आणि मैदानाच्या त्या टोकाकडून माझ्या घरच्या नावानं हाक. पोरांनी पुढं वर्षभर मला विडीवाला म्हणून पिडलं. चिडवणं विसरलो, पण ती हाक माझ्या मानेवर बसून राहिली.

नोकरी लागली आणि पहिलेच साहेब मिळाले ते बेळगावच्या टिळकवाडीतले. जुन्या घरातले, स्वच्छ बोलणारे, माणूस भला. त्यांनी एकदा विचारलं, “घरी कोण काय करतं?” मी म्हणालो, “मास्तरकी.” तीही थाप. एकदा मारली की ती सांभाळावी लागते.

ज्या आठवड्यात आमच्या बाजूच्या पुलांची तपासणी होती, त्याच्या आधीच्या रविवारी मी गावी गेलतो. जेवताना मावशी म्हणाली, “अरं, वरनं पांढरं पांढरं गळायलंय. सुपात पडतंय. काल माझ्या लुगड्यावर पडलं, धुतलं तरी जाईना.”

“चुना असेल.”

“असू दे की काय बी. तू पुलाचाच सायेब न्हवं? बघ की जरा.”

“मी साहेब नाही गं. बघतो.”

बघतो म्हणालो. चुन्यात बांधलेल्या कमानीतून पांढरं गळायला लागलं म्हणजे वरून पाणी मुरतंय आणि सांध्यातला चुना धुऊन जातोय, हे मला शिकवलेलं होतं. त्यावर परीक्षेत प्रश्नही आला होता.

जीप पुलावर थांबली तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. खालून बायकांचं हसणं येत होतं. साहेब कठड्याला हात लावून म्हणाले, “खाली कोण आहे हो?”

“गावातल्या बायका असतील, सर.”

“चांगली जागा शोधलीय त्यांनी. जा, कमान बघून या. हातोडी घ्या. माझा गुडघा त्या उतारावर टिकायचा नाही.”

मी कठड्यावरून एकदा वाकून पाहिलं. मावशीचा हिरवा पदर दिसला. मला वाटलं, आता मी खाली जाणार, ती मला बघणार, आणि घळीतून ती हाक वर येणार. साहेब वर कठड्याला टेकून उभे. मग घरची मास्तरकी कुठली आणि काय.

उतारावर दहा पावलं गेलं की घाणेरीच्या झुडपांचं रान होतं. मी त्याच्या आड उकिडवा बसलो. कमान बघायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ बसलो. पुलाची बाजूची भिंत तिथपर्यंत आलेली आहे, तिच्यावर हातोडीनं चार-पाच वेळा ठोकलं, साहेबांना ऐकू जावं म्हणून. भिंतीचे दगड खणखणीत वाजले. ते वाजणारच होते, त्यांच्यावर कसला भार नव्हता. हातोडी ठोकायच्या आधीच बायकांचा आवाज एकदम बंद झाला होता. ते मला तेव्हा बरंच वाटलं.

वर आलो. “ठीक आहे, सर.” त्यांनी वही पुढं केली. मी लिहिलं, त्यांनी सही केली. सही करताना ते म्हणाले, “तुमच्यासारखा माणूस हाताखाली असला की निवांत झोप लागते.”

त्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला.

आमच्या गावात तेव्हा आप्पांचा ट्रॅक्टर सगळ्यात जुना. आप्पा आमचे भावकीतले, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळा मळा पुलापलीकडं, त्यामुळं उसाची प्रत्येक ट्रॉली पुलावरून. त्या दिवशी आप्पांच्या आधी पाच-सहा ट्रॅक्टर गेले होते, दोन-दोन ट्रॉल्या जोडून, जसे सगळेच नेतात. आप्पांचा ट्रॅक्टर मध्यावर आला आणि कमानीच्या मधोमध असलेल्या दगडाशेजारचा एक दगड निखळून खाली आला. मावशीनं सूप वाचवायला हात पुढं केला, असं बाकीच्या बायका सांगतात. दगड हातावर आला. जीव वाचला, बेळगावच्या दवाखान्यात हातही राखला. पण उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं पुन्हा वाकली नाहीत. विडीचं तोंड दुमडतात ती हीच बोटं.

खात्यानं पाहणीला मलाच पाठवलं. पूल माहितीचा म्हणून. तेव्हा मी तपासणीसाठी पहिल्यांदा, ट्रॉली गेल्यावर, मावशी दवाखान्यात असताना, कमानीखाली उतरलो. खाली कुणी नव्हतं. एक फुटलेलं सूप पडलं होतं. मी मान वर केली. काळ्या काजळीवर पांढरे ओघळ. एक-दोन नव्हेत, कमानीच्या एका बगलेपासून दुसरीपर्यंत, भिंतीवरून दूध ओतावं तसे. शाळेतल्या पोरालाही दिसले असते. शिडी मागवून मी दगड वाजवले. चार दगड बद्द वाजले. आत पोकळ झालं की तसा आवाज येतो. हे दगड महिन्यापूर्वीच, दोन महिन्यांपूर्वीच बद्द झालेले होते. त्या दिवशी मी खाली उतरलो असतो, तर दुसऱ्याच दिवशी पुलावर ‘ट्रॉली नेऊ नये’ असा फलक लागला असता आणि बायकांना तिथून उठवलं असतं.

अहवालात मी लिहिलं, ‘वाहनाच्या अतिभारामुळे दगड निखळला.’

पहिलं खोटं मी लाजेनं लिहिलं होतं. हे दुसरं मी पूर्ण शुद्धीत, टेबलाशी बसून, पुन्हा वाचून लिहिलं. दोन्हींत मोठं कुठलं, याचा विचार मी पंचवीस वर्षं केला आहे.

गावात बैठक झाली. कुणी काही म्हणायच्या आत आप्पाच उठून म्हणाले, “माझ्याच ट्रॉलीनं झालंय. खात्याचा कागद बी तसाच आलाय.” पुढच्या हंगामात त्यांना कुणी ऊस न्यायला बोलावलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर विकला आणि कोगनोळीजवळ एका गोदामावर राखणीला गेले. शनिवारी गावी यायचे आणि पहिले मावशीकडं. तिचं पाणी भरायचे, लाकडं फोडून ठेवायचे. मी रविवारी गेलो की ते मला तिथं भेटायचे. मला बघून उठायचे आणि म्हणायचे, “बस की. मी चाललोय.” जणू मी यजमान आणि ते गुन्हेगार.

पुलाची डागडुजी झाली. सांध्यांत सिमेंट भरलं, फलक लागला. आप्पा तेव्हापासून पुलापाशी आले की चपला काढून हातात घेतात, अनवाणी पलीकडं जातात आणि मग घालतात. मे महिन्यात डांबर चटके देतं तेव्हाही. मावशीनं त्यांना एकदा विचारलं होतं, मी तिथंच होतो. आप्पा म्हणाले, “ज्या दगडानं तुझा हात घेतला त्येच्यावरनं चपला घालून कसं जायाचं गं?” मावशी म्हणाली, “दगडाला काय कळतंय, येड्या.” मी चहा पीत होतो. पीत राहिलो.

मावशी जायच्या दोन वर्षं आधी मी तिला टिळकवाडीत माझ्या फ्लॅटवर आणलं. हो, मीही आता टिळकवाडीत राहतो, आणि आता मला लोक साहेब म्हणतात. एका दुपारी मी तिच्या ब्लाउजची बटणं लावून देत होतो, तिला ती एका हातानं जमत नसत. ती सहज म्हणाली, “तुझी पयली जीप आलती बघ पुलावर. आठवतंय?”

माझा हात थांबला.

“तू कठड्यावरनं वाकलतास. मी वळखलं. ह्या बाया नुसत्या खिदळायल्या हुत्या. म्हटलं, गप बसा गं, आमचं पोरगं सायबासंगं आलंय. समद्या चिडीचूप.”

“मग हाक का नाही मारलीस?”

“येडा हैस काय रं? सायबापुढं हाक मारतंय व्हय कोण?” ती हसली. “तू खाली येशील म्हणून सूप बाजूला ठिवलं, डोईवर पदर घेऊन बसलते. ती वरची धार दावायची हुती तुला. मग हातोडीचा आवाज आला. म्हटलं, बघितलं वाटतं त्येनं तिकडनंच.”

जी हाक मला नको होती, ती हाक येणारच नव्हती. तिनंच बारा बायकांना गप्प केलं होतं, माझी मान खाली जाऊ नये म्हणून. तेव्हा सांगायला हवं होतं. खोलीत आम्ही दोघंच होतो. मी शेवटचं बटण लावलं आणि म्हणालो, “चहा करतो.” ती गेली तेव्हा आप्पांनी खांदा दिला. तिला गावी आणलं होतं, आणि स्मशानात नेताना पुलावरून जावं लागतं. आप्पांनी खांद्यावर तिरडी घेऊन पायातल्या चपला पायानंच बाजूला सारल्या. मी पलीकडच्या खांद्याला होतो, विधीप्रमाणं माझ्या पायात काहीच नव्हतं, त्यामुळं आम्हा दोघांत कुणाला फरक दिसला नाही.

एवढ्यावर हे संपलं असतं. माझं रिटायरमेंट चार वर्षांवर आहे, आप्पांचं वय झालं आहे. पण गेल्या महिन्यात गावच्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. पंचायतीनं पूल जपायचं ठरवलं आहे. घळ साफ करून पायवाट करणार, आणि पुलाच्या तोंडाशी त्याचा इतिहास कोरलेला दगड बसवणार, वर कन्नड आणि खाली मराठी. मजकूर बाईंनी लिहिला होता. “सर, तुम्ही खात्यातले आणि गावचेही. एकदा नजर घाला, मग कोरायला देतो.”

मजकूर चांगला होता. लहान गाडी, घडवलेले दगड, विड्या वळणाऱ्या बायका, सगळं होतं. शेवटून दुसरं वाक्य, ‘उसाच्या जादा भारामुळे एकदा ट्रॅक्टरखाली कमानीचा दगड निखळून एक महिला कायमची जायबंदी झाली.’ खाली तळटीप, ‘खात्याच्या अहवालावरून.’

नाव कुणाचंच नव्हतं. पण तो ट्रॅक्टर कुणाचा हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि हे आता दगडात जाणार. आप्पा त्याच्या शेजारून चपला हातात घेऊन जाणार, आणि त्यांच्यामागं त्यांची नातवंडं ते वाचणार.

पहिल्यांदा मी काय केलं तेही सांगतो. मी ते वाक्य खोडलं. बाईंना लिहिलं, इतिहासात अपघात कशाला, शोभत नाही. पाठवायच्या आधी दोन दिवस ते तसंच ठेवलं. आणि मग लक्षात आलं, हे करतानाही मी घाणेरीच्या आडच बसलोय. वाक्य खोडल्यानं आप्पांच्या पायात चपला येत नाहीत. तिसऱ्या दिवशी बाईंना फोन करून सांगितलं, “दगड कोरायला देऊ नका. त्यात चूक आहे. चूक मी येऊन सांगतो.”

त्या रविवारी सकाळी मी गावी गेलो. गाडी अलीकडं लावून पुलाच्या तोंडाशी थांबलो. तिथं आता एक चहाची टपरी आहे. आप्पा मळ्याकडून आले, पुलाच्या पलीकडच्या टोकाला थांबून वाकले, चपला काढल्या. टपरीवरचा एकजण ओरडला, “आप्पा, पुलावर देव बसवलाय व्हय? सांगा की, नारळ आणतो.”

“आण. तुझ्या डोस्क्यावरच फोडतो,” आप्पा तिथूनच म्हणाले.

मी पुढं गेलो आणि त्यांना मध्यावर गाठलं. म्हणालो, “आप्पा, जरा थांबा. चपला घाला आधी.”

“का रं?”

“घाला. तुमचा काही दोष नव्हता. माझा होता.”

मग मी सांगितलं. हिरवा पदर, घाणेरी, भिंतीवर वाजवलेली हातोडी, पांढरे ओघळ, चार बद्द दगड, अहवाल. काहीही न गाळता. आप्पा कठड्याला टेकून ऐकत होते, चपला हातात. माझं संपल्यावर त्यांनी घळीत बघत विचारलं,

“तिला सांगितलंस?”

“नाही.”

“मेल्यावर सांगायलास व्हय.”

मी मान डोलावली.

“माझ्या बायकूनं शेवटपातूर मला ‘तू केलंस’ म्हटलं न्हाय, पर तिच्या मनात हुतं. थोरल्या पोराची सोयरीक दोनदा मोडली. का मोडली कुणी तोंडानं सांगितलं न्हाय, पर मला कळत हुतं.” ते चपलांवरची माती झटकत बोलत होते, माझ्याकडं न बघता. “आणि तू रैवारी यायचास. माझ्या म्होरं बसून चहा प्यायचास.”

“हो.”

“लई घट्ट पोटाचा हैस बाबा.”

मी म्हणालो, “आप्पा, मला काय करायचं ते सांगा.”

तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडं वळले. चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. “मला सांगून काय उपेग? मी त्या बैठकीत समद्यांपुढं उठून बोललोय. तू हितं एकट्याला गाठून सांगायलास. तसंच समद्यांपुढं उठ आणि बोल. तवर ऱ्हाऊ दे ह्या हातातच.” आणि ते अनवाणीच उरलेला पूल ओलांडून गेले. टपरीपाशी आल्यावर चपला घातल्या. टपरीवरचा काहीतरी म्हणाला, ते सरळ घराकडं चालू लागले.

मी नंतर एकटाच खाली उतरलो. घाणेरी आता नाही, पंचायतीनं उपटून काढली आहे. बायकाही नाहीत, त्या आता आपापल्या दारात बसतात. काजळी आहे. त्यावर सिमेंटच्या रेघा आहेत, आणि त्या रेघांच्या मधून जुन्या ओघळांचे डाग अजून दिसतात. खिशात हातोडी घेऊन गेलो होतो. हात पोचतील तेवढे दगड एकेक करून वाजवले. एका माणसाला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला, त्या दिवशीही साहेब वर कंटाळले नसते.

खात्याला मी लेखी दिलं आहे. शुक्रवारी स्वतः आवक खिडकीवर जाऊन शिक्का घेतला. चौकशी होईल, व्हायला हवी. घरी बायकोला सांगितलं. तिनं आधी मावशीच्या फोटोकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि म्हणाली, “गावाला मीही येणार.” बाईंना मी दुसरं वाक्य लिहून दिलं आहे. त्यात ट्रॅक्टर नाही. त्यात असं आहे, की तपासणी करणाऱ्यानं कमान खालून न पाहताच ठीक म्हणून लिहिलं, म्हणून दगड निखळला. बाईंनी विचारलं, “सर, हे कोरायचं?” म्हटलं, कोरा. माझं नावही घाला. त्या म्हणाल्या, ते ग्रामसभा ठरवेल.

ग्रामसभा येत्या गुरुवारी देवळापुढं आहे. तिथं मला उठून हे सगळं आप्पांच्या समोर, गावापुढं, मोठ्यानं बोलायचं आहे. मावशीला सांगायचं राहिलं, ते आता फिटत नाही. गावापुढं सांगायचं हे आप्पांचं देणं मी अजून लागतो.